निवृत्त पोलीस श्वान दत्तक घेताना: सोलापूरच्या कुटुंबांसाठी सविस्तर माहिती

पोलीस दलातील श्वान निवृत्त होतो तेव्हा तो बहुधा आठ ते दहा वर्षांचा झालेला असतो. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, डॉबरमन किंवा बेल्जियन मेलिनॉइज या जातींचे एकूण आयुष्य साधारण दहा ते तेरा वर्षांचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे दत्तक घेणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला काय येणार आहे याचा हिशेब सरळ मांडता येतो. असा श्वान मागणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात बातम्यांतून पाहिलेला तडफदार, चोर पकडणारा श्वान असतो आणि तो फुकटात बंगल्याची राखण करील अशी आशाही असते. प्रत्यक्षात घरी येतो तो सांधे झिजू लागलेला, दिनक्रमाला घट्ट बांधलेला आणि एकाच माणसाच्या हाताची सवय असलेला एक वृद्ध प्राणी. ज्यांना राखणदार हवा आहे त्यांनी हा विचार सोडून द्यावा, असे मी स्पष्टपणे सुचवीन. ज्यांना एका कष्टाळू प्राण्याचे म्हातारपण नीट सांभाळायचे आहे, त्यांच्यासाठी पुढील माहिती आहे.

या श्वानाचे आधीचे आयुष्य कसे गेले हे समजल्याशिवाय त्याची पुढची निगा समजत नाही. पिल्लू काही महिन्यांचे असतानाच त्याची निवड होते आणि त्यानंतर त्याला सलग काही महिन्यांचे प्रशिक्षण दिले जाते. महाराष्ट्र पोलिसांच्या श्वानांसाठी पुण्यात गुन्हे अन्वेषण विभागाचे प्रशिक्षण केंद्र आहे, तर केंद्रीय दलांची केंद्रे वेगळी असून त्यांपैकी ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूर येथील सीमा सुरक्षा दलाचे केंद्र विशेष प्रसिद्ध आहे. प्रशिक्षणाच्या काळात श्वानाबरोबर त्याचा हँडलरही शिकत असतो, आणि पुढील सर्व वर्षे त्याला खाऊ घालणे, त्याचे अंग विंचरणे, त्याला फिरवणे आणि कामावर नेणे हे सारे तोच एखाद्या सहायकाच्या मदतीने करतो. सोलापुरात शहर पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण पोलीस दल अशी दोन स्वतंत्र दले आहेत. शिवाय सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय असल्याने रेल्वे सुरक्षा दलाच्या श्वानांचे कामही येथील प्रवाशांच्या पाहण्यात असते. सिद्धेश्वर यात्रा, पंढरपूरची आषाढी वारी, मंत्र्यांचे दौरे आणि एरवीचे गुन्ह्यांचे तपास यांत या श्वानांची वर्षे सरतात.

दत्तक देण्याच्या बाबतीत पहिला मान सर्वसाधारणपणे हँडलरचा असतो, आणि तो असायलाच हवा. श्वान ज्याला ओळखतो, ज्याच्या हातचे खातो, त्याच्याकडेच तो राहिला तर त्याच्या आयुष्यातील बदल सर्वांत कमी होतो. मात्र हँडलरला पोलीस वसाहतीतील लहान घर, बदली, घरातील आजारपण किंवा हाती आलेला नवा श्वान यांमुळे हे जमतेच असे नाही. तेव्हा संस्थांचा किंवा खाजगी कुटुंबांचा विचार होतो. नियमांचे तपशील दलागणिक वेगळे असले तरी क्रम सामान्यतः असा असतो की पशुवैद्यकीय अधिकारी श्वान सेवेस योग्य राहिला नसल्याचे प्रमाणपत्र देतात, वरिष्ठांच्या आदेशाने त्याचे नाव सेवेतून कमी होते आणि त्यानंतर तो इच्छुकाच्या स्वाधीन केला जातो. शहरातील श्वानासाठी पोलीस आयुक्त कार्यालयाकडे आणि ग्रामीण दलातील श्वानासाठी पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे लेखी अर्ज करणे हा सरळ मार्ग आहे. अर्जात घर स्वतःचे आहे की भाड्याचे, अंगणाला कुंपण आहे का, घरात लहान मुले आणि इतर पाळीव प्राणी किती, दिवसभर घरी कोण असते आणि नेहमीचा पशुवैद्य कोण, हे आपणहून लिहावे. कारण अर्ज वाचणाऱ्याला नेमके हेच प्रश्न पडणार असतात. श्वान विकणार नाही, प्रजननासाठी किंवा राखणदारीच्या धंद्यासाठी वापरणार नाही, असे हमीपत्र मागितले गेल्यास त्यात गैर काहीच नाही. श्वान घरी आल्यावर महापालिकेकडे त्याची नोंदणी करावी आणि रेबीजच्या लसीचा दाखला हाताशी ठेवावा.

ताबा घेण्याच्या दिवशी कागदपत्रांइतकीच महत्त्वाची असते ती हँडलरशी होणारी सविस्तर बोलणी. तिच्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा, आणि शक्य असेल तर त्याआधी काही वेळा पथकाच्या जागी जाऊन श्वानाला आपला वास आणि आवाज ओळखीचा करून द्यावा. कोणत्या आज्ञा कोणत्या शब्दांत आणि कोणत्या हातवाऱ्यांनी दिल्या जात, बक्षीस म्हणून चेंडू मिळत असे की खाऊ, जेवण किती वाजता आणि किती मापाचे, कोणत्या पायाला पूर्वी दुखापत झाली होती, कोणते औषध सोसले नाही, अनोळखी माणूस अंगावर धावून आला तर हा काय करतो, हे सर्व विचारून लिहून घ्यावे. लसीकरणाचा आणि आजारांचा सेवेतील अभिलेख मिळत असेल तर त्याची प्रत मागावी. हँडलरने वापरलेला जुना चेंडू किंवा अंथरूण बरोबर मिळाले तर नव्या घरातील पहिल्या रात्री त्याचा फार उपयोग होतो.

श्वानाने सेवेत कोणते काम केले यावर त्याचे घरातले वागणे बरेच अवलंबून असते. बॉम्बशोधक व नाशक पथकातील श्वानाला स्फोटकाचा वास आल्यावर न भुंकता, न उकरता शांतपणे बसून राहायला शिकवलेले असते, कारण धक्का लागला तर स्फोट होऊ शकतो. ही सवय निवृत्तीच्या आदेशाने पुसली जात नाही. दिवाळीत फटाक्यांची पिशवी घरात आली तर असा श्वान तिच्यापाशी जाऊन ठाम बसेल आणि तुमच्याकडे पाहत राहील, कारण फटाक्यांतील दारू त्याने शिकलेल्या वासांपैकी एक असू शकते. त्याला तेथून ओढणे किंवा रागावणे चुकीचे आहे. त्याने आपले काम बरोबर केलेले असते. शाबासकी द्यावी, एखादा खाऊ द्यावा आणि पिशवी घराबाहेर हलवावी. गुन्ह्याचा माग काढणारा श्वान वेगळा असतो. त्याला जमिनीवरचा माणसाचा वास धरून लांब दोरीवर पुढे ओढत नेण्याची सवय असते, त्यामुळे रस्त्यावर एखादा वास लागला की तो सांभाळणाऱ्याला फरफटत नेऊ शकतो आणि वयस्कर माणसाच्या हाती त्याचा पट्टा देणे धोक्याचे ठरते. अमली पदार्थ शोधणारे श्वान पिशव्या, गाड्यांची दारे आणि पाहुण्यांचे सामान हुंगत राहतात. पाहुण्यांना आधी कल्पना दिली म्हणजे गैरसमज होत नाही. ज्या श्वानाला माणसाला पकडण्याचे, म्हणजे चावा धरून ठेवण्याचे प्रशिक्षण मिळाले आहे, तो लहान मुलांच्या घरात देऊ नये आणि अशा घराने घेऊही नये. मुले धावतात, किंचाळतात, हातवारे करतात, आणि त्यातून श्वान काय अर्थ घेईल याची खात्री कोणालाही देता येत नाही. नातेवाइकांसमोर त्याची पोलिसी कसरत करून दाखवणे हाही प्रकार कटाक्षाने टाळावा.

घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे कंटाळवाणे असावेत, हेच बरे. सेवेतील श्वान कुत्राघरात राहिलेला असतो. मिक्सरचा आवाज, कुकरची शिट्टी, दूरदर्शनवरील माणसे, आरशातले प्रतिबिंब या गोष्टी त्याला नव्या असू शकतात. पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी घर असेल तर त्या अखंड खडखडाटापासून दूर, घराच्या आतल्या बाजूला त्याची जागा करावी. गुळगुळीत चकचकीत फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय घसरतात आणि एकदा घसरून पडलेला कुत्रा पुढे चालायलाच कचरतो. जुन्या घरांतील शहाबादी फरशी या बाबतीत कितीतरी चांगली. नवे घर असेल तर त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर सतरंज्या किंवा रबरी चटया अंथराव्यात. त्याचे नाव बदलू नये. पहिल्या महिन्यात पट्टा न लावता बाहेर नेऊ नये, कारण तो हँडलरच्या शोधात निघून जाऊ शकतो.

सोलापुरात गिरण्या चालू होत्या त्या काळी भोंग्यावर घराघरातला दिवस सुरू होत असे, आणि गिरणी सुटलेला कामगार पुढे कित्येक वर्षे त्याच वेळेला जागा होई. पोलीस श्वानाचे तसेच आहे. पहाटे फिरणे, मग अंग विंचरणे, सराव, ठरल्या वेळी जेवण, संध्याकाळी पुन्हा काम, हा क्रम त्याच्या अंगात मुरलेला असतो, आणि तो एका दिवसात तोडला तर श्वान अस्वस्थ होतो, येरझारा घालतो, पंजे चाटून जखमा करून घेतो किंवा खाणे सोडतो. म्हणून वेळा तशाच ठेवून श्रम कमी करत न्यावेत. पळण्याऐवजी चालणे, उड्यांऐवजी हुंगण्याचे खेळ, असा बदल काही आठवड्यांत करता येतो. कुत्र्याच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशींची संख्या वीस ते तीस कोटींच्या घरात असते, माणसाच्या नाकात ती सुमारे पन्नास-साठ लाख असते, आणि वय वाढल्यावर डोळे आणि कान मंदावले तरी नाक बहुधा पुष्कळ टिकून राहते. खोलीत तीन-चार ठिकाणी खाऊचे तुकडे लपवून त्याला शोधायला सांगावे. पंधरा मिनिटांच्या अशा शोधानंतर तो दीर्घ चालीनंतर झोपावा तसा झोपतो, आणि त्याच्या सांध्यांना काही इजाही होत नाही. बॉम्बशोधक श्वान सापडलेल्या खाऊसमोर आधी बसेल आणि परवानगीची वाट पाहील. त्याला ती मिळावी.

सोबतीचा विचारही करावा लागतो. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात काम केलेल्या बॉम्बशोधक पथकाच्या लॅब्राडोरांपैकी टायगर, सुलतान आणि सीझर हे निवृत्तीनंतर विरारच्या एका फार्मवर एकत्र राहिले आणि २०१६ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने तिघेही गेले. ज्या श्वानाला पथकातील सहकाऱ्यांची सवय आहे त्याला बारा तास बंद घरात एकटे ठेवणे हा अन्यायच आहे. नवरा-बायको दोघेही दिवसभर कामावर असलेल्या घराने म्हणूनच असा श्वान घेऊ नये.

सोलापुरातील सर्वांत कठीण ऋतू उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. त्याचे शरीर मुख्यतः धापा टाकूनच थंड होते. वृद्ध, वजनदार किंवा हृदयविकार असलेल्या कुत्र्याची ही व्यवस्था लवकर कोलमडते. फिरण्याची वेळ सूर्योदयापूर्वीची आणि रात्री उशिराची ठेवावी, कारण डांबरी रस्ता सूर्यास्तानंतरही दोन-तीन तास तापलेला असतो. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता आली नाही तर त्या रस्त्यावरून कुत्र्याला नेऊ नये. कूलर चालू असलेल्या खोलीचे दार किंवा खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर दमट हवेत धापा टाकण्याचा उपयोग होत नाही. उन्हाळा आला म्हणून जर्मन शेफर्डचे किंवा लॅब्राडोरचे केस भादरण्याची पद्धत चुकीची आहे. त्यांच्या दुहेरी केसांचा थर उष्णताही थोपवतो आणि कातडी भाजण्यापासूनही वाचवतो. रोज विंचरून गळके केस काढले की पुरते.

उष्माघाताची चिन्हे घरातील प्रत्येकाला माहीत असावीत: थांबता न थांबणाऱ्या धापा, दाट चिकट लाळ, हिरड्यांचा गडद लाल रंग, लडखडणे, उलटी. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते आणि ते १०५ च्या पुढे गेले तर प्रत्येक मिनिट मोलाचे असते. त्याला सावलीत आणून अंगावर, विशेषतः पोट, काखा आणि पंजे यांवर, नळाचे साधे पाणी सतत ओतावे, पंखा लावावा आणि लगेच पशुवैद्याकडे निघावे. टॉवेलांच्या या शहरात हे मुद्दाम सांगायला हवे की ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये, कारण तो काही क्षणांत गरम होतो आणि आतली उष्णता कोंडून धरतो. शुद्ध हरपलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतणेही धोक्याचे असते.

पाण्याची आणखी एक बाजू आहे. शहरात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते आणि ते पिंपांत साठवले जाते, म्हणून कुत्र्याचे भांडे रोज घासून ताजे भरावे. तो दिवसात किती पितो याचा अंदाजही ठेवावा. एरवी किलोमागे पन्नास-साठ मिलिलिटर पाणी पुरेसे असते. थंडीच्या दिवसांतही तीस किलोचा कुत्रा रोज तीन लिटरच्या वर पाणी पिऊ लागला तर मूत्रपिंड, मधुमेह किंवा अंतःस्रावी ग्रंथींचा विकार तपासून घ्यावा.

आहाराच्या बाबतीत सोलापूरच्या स्वयंपाकघरात काही खास सापळे आहेत. येथील शेंगाचटणीत लसूण सढळ असतो, आणि कांदा व लसूण हे दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, त्यामुळे रक्तक्षय होऊ शकतो. भाकरीला लागलेली चटणी किंवा उरलेला रस्सा त्याच्या ताटलीत जाता कामा नये. दुसरा सापळा बेदाण्याचा. या जिल्ह्यात द्राक्षे आणि बेदाणे घरोघरी असतात, आणि लहान मुले प्रेमाने मूठभर बेदाणे कुत्र्यापुढे धरतात. पण द्राक्ष आणि बेदाणा यांमुळे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते आणि किती खाल्ले म्हणजे अपाय होईल याचे ठरावीक माप नाही. खाल्ल्याचे कळताच, त्रास दिसण्याची वाट न पाहता, पशुवैद्य गाठावा. चॉकलेट, साखरविरहित च्युइंगम आणि शिजवलेली हाडे हीही वर्ज्यच. ज्वारीची मऊ भाकरी, साधा भात, उकडलेली अंडी, बिनमसाल्याचे चिकन, भोपळा हे पदार्थ चालतात, तरी आहाराचे प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे. सेवेत ठरलेल्या मापाने खाणारा आणि रोज घाम गाळणाऱ्या माणसाबरोबर धावणारा श्वान घरी बसून तेवढेच खाऊ लागला तर दोन-तीन महिन्यांत फुगतो, आणि लॅब्राडोर तर खाण्याला कधी नाही म्हणतच नाही. बरगड्यांवरून हात फिरवला असता त्या सहज जाणवल्या पाहिजेत. शोधाव्या लागत असतील तर खाणे कमी करावे. वाढलेला प्रत्येक किलो दुखऱ्या खुब्यावर येतो.

जर्मन शेफर्ड आणि डॉबरमन यांच्यासारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा जीवघेणा प्रकार होतो. म्हणून दिवसाचे खाणे दोन-तीन वेळांत विभागावे आणि जेवणाच्या आगेमागे तासभर तरी धावपळ होऊ देऊ नये. पोट टणक फुगले, कुत्रा ओकाऱ्या काढतो पण काहीच बाहेर पडत नाही, असे दिसले तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहू नये. यात शस्त्रक्रियेशिवाय बहुधा इलाज नसतो.

आजारांपैकी ज्यांच्याशी रोजची गाठ पडते ते दोनच: सांधे आणि गोचीड. उड्या, पायऱ्या, वाहनांतून चढउतार आणि कठीण जमिनीवरची वर्षे यांमुळे खुबे, कोपरे आणि कण्याचा खालचा भाग झिजलेला असतो. सकाळी उठताना लागणारा वेळ, जिने टाळणे, बसताना एका बाजूला कलणे, ही वेदनेची भाषा आहे. कामाचा कुत्रा कण्हत नाही. वेदनाशामके पशुवैद्यच देतील, आणि तीही मूत्रपिंड व यकृत यांची रक्ततपासणी करून. माणसांसाठी घरात असलेली डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल ही गोळी स्वतःच्या मनाने देणे म्हणजे विष देण्यासारखे होऊ शकते. लंगडणे दर वेळी संधिवातामुळेच असते असेही समजू नये. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधण्याचे श्रेय ज्याला दिले जाते तो मुंबई पोलिसांचा लॅब्राडोर जंजीर २००० साली हाडाच्या कर्करोगाने गेला, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. मोठ्या जातींत हा आजार आढळतो, म्हणून एकाच पायाची सूज किंवा वाढत जाणारे लंगडणे दिसल्यास क्ष-किरण तपासणी करून घ्यावी.

गोचीड उष्ण प्रदेशात जवळजवळ वर्षभर असते आणि तिच्यापासून होणारा ताप वृद्ध कुत्र्याला खचवून टाकतो. अन्नावरची वासना जाणे, ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त येणे, कातडीवर जांभळे ठिपके ही त्याची लक्षणे असून वेळेवर रक्त तपासले तर उपचार आहेत. फिरून आल्यावर कान, बोटांच्या बेचक्या आणि पट्ट्याखालची जागा रोज पाहावी. येथे एक इशारा आवश्यक आहे. गावाकडे जनावरांच्या गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन सर्रास वापरले जाते, पण काही जर्मन शेफर्ड कुत्र्यांत अनुवंशिक दोषामुळे हे औषध मेंदूपर्यंत पोहोचून गंभीर विषबाधा होते. जनावरांचे औषध कुत्र्याला अंदाजाने टोचू नये.

डॉबरमनच्या हृदयाची तपासणी, वर्षाला रेबीजची लस, पशुवैद्य सांगतील त्या अंतराने जंतांचे औषध आणि सहा महिन्यांनी एकदा रक्त व लघवीची चाचणी, एवढे केले म्हणजे बहुतेक गोष्टी वेळेत कळतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लस आणि प्राथमिक उपचार स्वस्तात होतात. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी शिरवळ, उदगीर किंवा मुंबईतील परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांचा पर्याय असतो. या खर्चाची पूर्वतयारी हवी. आहार आणि नेहमीची औषधे मिळून आजच्या भावाने महिन्याला पाच-सहा हजार रुपये सहज लागतात, आणि एखादी शस्त्रक्रिया उद्भवली तर काही महिन्यांची रक्कम एका दिवसात जाते.

आवाजाबद्दल एक समज असा की पोलीस श्वान फटाक्यांना घाबरत नाही. सेवेत त्याला मोठ्या आवाजांची सवय लावलेली असते खरी, पण तेव्हा शेजारी हँडलर असतो आणि हाती काम असते. निवृत्तीनंतर, कान मंदावत असताना आणि आवाज कोठून आला हे नीट कळत नसताना, तोच श्वान थरथरू लागतो. मकर संक्रांतीच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते. त्या भागात राहणाऱ्यांनी त्या संध्याकाळी श्वानाला लवकर फिरवून आणावे, आतल्या खोलीत पंखा किंवा रेडिओ लावून कोणीतरी त्याच्याजवळ बसावे. फार भित्रा असेल तर आधीच पशुवैद्याशी बोलून सौम्य औषध घेता येते.

शेवटचा काळही या जबाबदारीत मोडतो. कुत्रा स्वतःहून उठू शकत नाही, खाण्यात रस राहिलेला नाही, वेदना औषधाने आटोक्यात येत नाहीत, अशा दिवसांची संख्या बऱ्या दिवसांहून वाढली की वेदनारहित मृत्यूबद्दल पशुवैद्याशी मोकळेपणाने बोलावे. बरा न होणाऱ्या यातनेत पशुवैद्याच्या हातून तो देणे कायद्याला मान्य आहे. हे बोलणे ऐनवेळी सुरू करू नये. हँडलरला आधी कळवावे, म्हणजे त्याला भेटता येईल, आणि मृत्यूनंतर ज्या पथकाकडून श्वान घेतला त्याला लेखी कळवावे.

हे सारे वाचून ज्यांना आपल्याला झेपणार नाही असे वाटेल त्यांनाही काही करता येते, आणि माझ्या मते हा मार्ग दत्तक घेण्याइतकाच चांगला आहे. पुष्कळदा हँडलरला आपला श्वान सोडायचा नसतो. अडते ते पैशापाशी आणि रजेपाशी. त्याच्या श्वानाचा औषधांचा खर्च एखाद्या कुटुंबाने किंवा गल्लीतील मंडळाने वाटून घेतला तर श्वान आपल्या माणसाकडेच राहतो. आषाढीच्या बंदोबस्तासाठी हँडलरला कित्येक दिवस पंढरपुरात मुक्काम करावा लागतो, गणेशोत्सवात आणि निवडणुकांतही तो रात्री-अपरात्री बाहेर असतो. अशा वेळी त्याच्या म्हाताऱ्या श्वानाला सांभाळायला एक ओळखीचे घर असणे ही फार मोठी सोय आहे. त्यासाठी आधी दोन-तीनदा हँडलरसह श्वानाला घरी बोलवावे, त्याचे भांडे आणि अंथरूण नेहमी एकाच जागी ठेवावे, जेवणाच्या व औषधांच्या वेळा भिंतीवर लिहून लावाव्यात आणि पशुवैद्याचा क्रमांक त्याखाली असावा.